ओसरीवरील साक्ष : हुबळी-धारवाडच्या ख्रिस्ती इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

बासेल मिशनच्या जुन्या जर्मन अहवालांत धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी या मुलखाला ‘दक्षिण मराठा देश’ असे नाव आहे. मंगळूर, मलबार, कोडगू आणि दक्षिण मराठा देश ही त्या मिशनची हिंदुस्थानातील क्षेत्रे होती. आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासात मात्र या मुलखाचा उल्लेख क्वचितच येतो. आपण अहमदनगर, मुंबई, पुणे, जालना यांच्याविषयी लिहितो. फार तर बेळगावपर्यंत जातो आणि तेथून परत फिरतो. भाषेची सीमा ती आपल्या आस्थेचीही सीमा झाली आहे. प्रस्तुत लेखात ती थोडी ओलांडून एका जुन्याच प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे. ख्रिस्ती मनुष्याने आपला विश्वास नित्याच्या बोलण्यात, म्हणजे शेजाऱ्याशी, गिऱ्हाइकाशी किंवा सहप्रवाशाशी बोलताना, उघडपणे सांगावा की नाही, आणि सांगावा तर कसा, हा तो प्रश्न. व्यासपीठावरील उपदेशाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. ओसरीवरच्या बोलण्याचा इतिहास लिहिणे अवघड, कारण त्याची टिपणे कोणी ठेवत नाही. तरीही हुबळी-धारवाडच्या प्रदेशात त्याच्या खुणा सापडतात.

1833 च्या सनदेने बिगर-ब्रिटिश मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानात मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, सॅम्युएल हेबिख, लेनर व ग्रायनर हे बासेल मिशनचे पहिले तिघे मलबार किनाऱ्यावर उतरले आणि मंगळुरास स्थिरावले. तीन वर्षांनी, 1837 मध्ये, मिशनने घाट चढून धारवाडला ठाणे घातले. त्यापाठोपाठ 1839 मध्ये हुबळी व 1841 मध्ये बेटगेरी येथे ठाणी झाली. या क्रमात नवल असे काही नाही. कापसाच्या व्यापारामुळे हुबळी तेव्हाही गजबजलेली पेठ होती, आणि धारवाड हे कलेक्टरचे ठाणे.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी या मुलखातील दप्तर मराठीच राहिले. कुलकर्ण्याचा कागद मोडीत, कचेरीतील बोलणे मराठीत, आणि कंपनी सरकारने प्रथम काढलेल्या शाळाही मराठीच. कन्नड ही घरातली, शेतातली, बाजारातली भाषा होती. सरकारदरबारी तिला मान नव्हता. तो मान मिळवण्यासाठी कन्नड भाषकांना दीर्घ काळ झटावे लागले, आणि 1890 मध्ये धारवाड येथे कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली ती याच पोटतिडकीतून. आपली भाषा तेथे काही काळ वरचढ होऊन बसली होती, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.

आता मिशनऱ्यांपुढे निवड होती. मराठी शिकले असते तर कचेरीतील शिकल्यासवरल्या मंडळींशी चटकन संबंध जुळला असता. मुंबईच्या छापखान्यांतून निघालेली मराठी पुस्तकेही आयती मिळाली असती. त्यांनी कन्नड निवडली. हा निर्णय केवळ सोयीचा होता असे मला वाटत नाही. मनुष्य न्यायाधीशापुढे एका भाषेत बोलतो आणि आजारी मुलाच्या उशाशी बसून दुसऱ्या. विश्वासाची गोष्ट या दुसऱ्या भाषेत व्हावयास हवी, हे त्यांना उमगले असावे. त्यांच्या घरच्या परंपरेतच ही जाणीव होती.

ही परंपरा थोडी उलगडून सांगणे जरूर आहे, कारण पुढील सर्व विसंगती तिच्यापासूनच सुरू होते. बासेल मिशन स्वित्झर्लंडमध्ये 1815 साली स्थापन झाले खरे, परंतु त्याचे बरेचसे कार्यकर्ते शेजारच्या वुर्टेम्बेर्ग या जर्मन राज्यातून येत. तेथे पायटिस्ट, म्हणजे भक्तिमार्गी, ख्रिस्ती लोकांची जुनी वहिवाट होती. फिलिप याकोब स्पेनर यांनी 1670 मध्ये फ्रँकफुर्ट येथे आपल्या घरी लोकांना जमवून शास्त्रचिंतन सुरू केले, त्यातून ही रीत पसरली. वुर्टेम्बेर्गच्या खेड्यांत शेतकरी, विणकर, चांभार, गाडीवान संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमत आणि पवित्र शास्त्रातील एखाद्या उताऱ्यावर आपापसांत बोलत. या बैठकीला ते नुसते ‘तास’ म्हणत. पाळक असला तर बरे, नसला तरी अडत नसे. 1743 मध्ये तेथील शासनाने अशा बैठकींना रीतसर मान्यता दिली. ज्याने देवाचा अनुभव घेतला त्याने तो आपल्या शब्दांत शेजाऱ्याला सांगावा, एवढेच त्या बैठकीचे व्याकरण होते.

असे घरगुती बोलण्यात वाढलेले हे तरुण धारवाडला आले आणि त्यांनी काय केले? ते बाजारात उभे राहिले. आठवड्याच्या बाजारी, जत्रेच्या मैदानात, देवळासमोरच्या झाडाखाली उंच आवाजात उपदेश करू लागले. थंडीच्या दिवसांत बैलगाडीवर तंबू व पुस्तके लादून गावोगाव फिरत. भोवती गर्दी जमे. कोणी ऐके, कोणी टवाळी करी, एखादा शास्त्री किंवा जंगम वाद घाली, आणि माणसे पांगत. सगळीकडच्या मिशनांची त्या काळची पद्धत हीच होती, म्हणून एकट्या बासेलकरांना दोष देण्याचे कारण नाही. परक्या देशी आलेल्या मनुष्याला कोणाच्या ओसरीवर बसण्याचा हक्क नसतो. बाजार तेवढा सर्वांना मोकळा असतो, हेही खरे. तथापि बाजारात उभा राहून बोलणारा मनुष्य सांगणारा असतो, ऐकणारा नसतो. त्याच्यापुढचा समुदाय निनावी असतो, आणि निनावी समुदायाला लाज नसते व कळकळही नसते.

ऐकण्याची वेळ आली तेव्हा काय झाले, हे एका प्रसंगावरून दिसते. हुबळी-धारवाडच्या मुलखात लिंगायत समाजात ‘कालज्ञान’ या नावाचे भविष्यकथनपर वाङ्मय प्रचलित होते. पुढे न्यायी राजाचे राज्य येणार, मूर्तिपूजेचा व जुलमाचा अंत होणार, अशा आशयाची वचने त्यात होती, आणि ती मानणारे पंथही होते. मिशनऱ्यांचे बोलणे कानी पडताच या पंथांतील काही मंडळी आपण होऊन त्यांच्याकडे आली. आमच्या ग्रंथांत सांगितलेले तुम्हीच ते दिसता, असा त्यांचा भाव होता. मिशनऱ्यांना अर्थातच हर्ष झाला. मोठा समुदाय मंडळीत येईल अशी आशा त्यांनी बासेलला कळवली. अशा लोकांची वसाहत व्हावी म्हणून गदगजवळ मलसमुद्र येथे 1841 मध्ये जमीन घेऊन ठाणे उभारण्यात आले. पण समुदाय काही आला नाही. दोन्ही पक्ष एकच शब्द उच्चारत होते आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा होता. त्यांना राज्य हवे होते ते या पृथ्वीवरचे, जुलूम मोडणारे. मिशनरी सांगत होते ते पापक्षमेचे राज्य. या दोहोंत मुळीच नाते नाही असे कोण म्हणेल? ते नाते शोधण्यासाठी दीर्घ, सावकाश संभाषण हवे होते. तितका धीर दोन्हीकडे नव्हता. मलसमुद्राची कथा मिशनच्या इतिहासात अपयश म्हणून नोंदली गेली आहे. माझ्या मते ते ऐकण्याचे अपयश होते.

हेर्मान मोग्लिंग यांचे नाव येथे घेतले पाहिजे. ट्यूबिंगेनचे विद्यार्थी असलेले हे गृहस्थ 1836 मध्ये हिंदुस्थानात आले, आणि आरंभीच्या काळात धारवाडकडे त्यांनी काम केले. ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वर्तमानपत्र त्यांनी 1843 मध्ये काढले. आपल्या ‘ज्ञानोदया’च्या जन्माला तेव्हा एकच वर्ष झाले होते. मोग्लिंग यांनी कन्नड काव्ये व दासांची पदे गोळा करून शिळाप्रेसवर छापवली. परधर्मीयांचे भक्तिवाङ्मय मिशनऱ्याने छापावे याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. मंगळुरात 1844 मध्ये आनंदराव कौंडिण्य या सारस्वत तरुणाचा बाप्तिस्मा झाला आणि शहरात मोठी खळबळ उडाली, तोही मोग्लिंग यांच्या सहवासाचाच परिणाम. आनंदराव पुढे बासेल येथे शिकून आले व दीक्षित मिशनरी झाले.

परंतु या सर्वांत माझे मन अधिक रमते ते फर्डिनांड किटेल यांच्यापाशी. 1832 मध्ये उत्तर जर्मनीत जन्मलेले किटेल 1853 मध्ये येथे आले आणि त्यांची आरंभीची वर्षे याच हुबळी-धारवाडच्या भागात गेली. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की, आपण यहूद्यांना यहूद्यासारखे झालो. तेच वचन मनात धरून हिंदी लोकांना हिंदी व्हावे असे किटेल यांना वाटे. ते साधेपणाने राहू लागले, पायी हिंडू लागले. गोऱ्या मनुष्याने असे राहणे सहकाऱ्यांना रुचले नाही, आणि बासेलच्या वरिष्ठांनाही ते शिस्तीत बसणारे वाटले नाही. परिणामी त्यांच्याकडे भाषेचे काम अधिकाधिक येत गेले, आणि त्याचे फळ म्हणजे 1894 मध्ये मंगळुरास छापून निघालेला सुमारे 70,000 शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश. त्यात जागोजाग मराठीचा निर्देश करणारे संक्षेपचिन्ह येते. इतके आपले शब्द त्या मुलखाच्या तोंडी रुळले होते. धारवाडचे किटेल महाविद्यालय आजही त्यांचे नाव चालवते.

कोशकाराचे काम हा सुवार्तेपासून दूर नेणारा विषय आहे, असा आक्षेप किटेल यांच्या हयातीत घेतला गेला. मला तसे वाटत नाही. कोश कसा होतो? पोथ्यांतून होतो हे खरे, पण तेवढ्याने होत नाही. नांगराच्या प्रत्येक अवयवाला काय म्हणतात, बाळंतिणीच्या खोलीत कोणते शब्द वापरतात, कोणती म्हण केव्हा म्हणतात, हे माणसांना विचारावे लागते. विचारणारा लहान होतो, आणि सांगणारा त्याचा गुरू होतो. बाजारातील उपदेशकाच्या भूमिकेच्या हे नेमके उलट आहे. किटेल यांनी 1862 मध्ये ‘कथामाले’ हे ख्रिस्तचरित्र कन्नड छंदांत रचले. ते गाता येई, म्हणजे ओसरीवर बसून म्हणता येई. आपल्याकडे रेव्ह. टिळकांनी अभंग-ओव्यांचा स्वीकार केला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता या इतिहासातील दुःखद भागाकडे वळले पाहिजे.

ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांचे पुढे काय झाले? जातीने त्यांना वाळीत टाकले. विहीर बंद, न्हावी-धोबी बंद, मूळचा धंदा बंद. मिशनने त्यांना आपल्या आवारात आश्रय दिला. किनाऱ्यावर त्यांच्यासाठी विणकामाचे व कौलांचे कारखाने निघाले. मंगळूरच्या कौलांची कीर्ती त्यातूनच झाली. घाटावरही शाळा, अनाथालये व मिशनच्या नोकऱ्या यांभोवती ख्रिस्ती वस्त्या बसल्या. हा आश्रय दिला नसता तर ती कुटुंबे उघड्यावर पडली असती. त्यामुळे त्याची निंदा करणे हे सुरक्षित जागी बसून केलेले शहाणपण होय. परंतु त्याची किंमत मोठी होती, आणि ती मांडल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. जो मनुष्य आपल्या विश्वासाविषयी शेजाऱ्याशी सर्वांत सहज बोलू शकला असता, त्याला शेजारीच उरला नाही. आवाराच्या भिंतीआड सर्वच ख्रिस्ती. तेथे साक्ष द्यावयाची कोणाला? भिंतीबाहेर बोलण्यासाठी मग पगारी सुवार्तिक नेमले गेले. त्यांच्या भेटींची व विकलेल्या पुस्तकांची नोंद होऊ लागली, आणि विश्वासाविषयी बोलणे हे एक खाते झाले.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाशी हे ताडून पाहावे. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेतून जे पांगले त्यांनी जागोजाग वचन सांगितले, आणि लूक मुद्दाम नोंदवतो की प्रेषित मात्र यरुशलेमेतच राहिले होते. म्हणजे पांगलेले ते सामान्य जन होते. अंत्युखियात हेल्लेण्यांशी प्रथम बोलणाऱ्यांची नावेसुद्धा त्याने दिलेली नाहीत. पहिल्या मंडळीत छळामुळे माणसे पांगली आणि वचन पसरले. आपल्या देशात छळामुळे माणसे एकत्र आली आणि वचन आवारात थांबले.

ही स्थिती एकट्या बासेल मिशनची नव्हती. मराठी मंडळ्यांची कथा याहून निराळी आहे असे कोणी समजू नये. धारवाडहून फार दूर नसलेल्या बेळगावात 1831 मध्ये बाबा पदमनजी जन्मले, आणि तेथेच 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या ‘अरुणोदय’ या 1888 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी शाळा, ग्रंथ आणि मित्रमंडळी यांचा आपल्या अंतःकरणावर कसकसा परिणाम होत गेला ते सविस्तर सांगितले आहे. त्यांची 1857 ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आपण विधवांच्या दुःखाचे चित्र म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची घडण पाहावी. यमुना व तिचा पती विनायक प्रवास करतात, मुक्कामाच्या ठिकाणी माणसे भेटतात, त्यांच्याशी बोलणे निघते. मराठीतील पहिली कादंबरी ही एका अर्थी वाटेवरच्या संभाषणांची माळ आहे. या पतिपत्नींचा ख्रिस्तावरील विश्वास बराच काळ गुप्त असतो, हेही बाबांनी विचारपूर्वक योजले असले पाहिजे. उघड बोलण्याची किंमत ते स्वतः देऊन बसले होते.

आणि रेव्ह. नारायण वामन टिळक? 1893 मध्ये आगगाडीने राजनांदगावला जात असता डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. आरंभी बोलणे काव्याचे निघाले. मग त्याने टिळकांच्या श्रद्धेविषयी विचारपूस केली, त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. ठाऊक असल्यामुळेच तिच्यातील एका बारकाव्याकडे दुर्लक्ष होते. त्या गृहस्थाने आधी टिळकांशी काव्यावर बरोबरीच्या नात्याने बोलणे केले. टिळक कवी आहेत हे त्याला कळले, आणि जे त्याला कळले त्याचा त्याने आदर केला. पुस्तक मागाहून आले.

येथे एक स्वानुभव सांगतो. तो गौरवाचा नाही. काही वर्षांपूर्वी मिरजेहून हुबळीस जाताना माझ्यासमोर एक वृद्ध लिंगायत व्यापारी बसले होते. घटप्रभा जाईपर्यंत पीकपाणी, मुलांची शिक्षणे, गुडघेदुखी असे सर्व बोलणे झाले. नंतर त्यांनी मराठी-कन्नड मिश्र भाषेत सरळ विचारले, “तुम्ही कोण लोक म्हणायचे?” मी गावाचे नाव सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, “गाव नव्हे हो, देव कोणता?” मी हसून विषय बदलला. ईश्वरविद्येचे वर्ग घेणाऱ्या मनुष्याची ही स्थिती! भय वाटले असेही नाही. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर निर्मळ कुतूहल होते. संकोच वाटला तो याचा की, उत्तर देताच आमच्यातील एक तासाची मैत्री संपेल आणि मी त्यांच्या दृष्टीने ‘प्रचारवाला’ होईन. बेळगावनंतर त्यांनी डबा उघडला, मला धपाटे दिले आणि लिंगपूजा न करता आपण कधी जेवत नाही, घरून निघताना ती उरकली आहे, असे सहज सांगून टाकले. मी काय सहज सांगितले असते?

हा संकोच केवळ माझ्या स्वभावाचा नसून त्याच्या मागे देशाचा अलीकडचा इतिहासही आहे. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘प्रचार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर मोठा वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुनशी, टी. टी. कृष्णम्माचारी, लक्ष्मीकांत मैत्र यांनी त्याचे समर्थन केले. समर्थन करणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्या सभासदांचा आवाज मोठा होता, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे. शब्द राहिला, आणि तो आज 25 व्या अनुच्छेदात आहे. 1977 मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर टीका केली, कारण ऐकणाऱ्याला स्वीकारण्याचे स्वातंत्र्य नसेल तर सांगण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ काय? आक्षेप वजनदार आहे. तथापि ईश्वरविद्येच्या दृष्टीने पाहता न्यायालयाने केलेला भेद आपल्याला अगदीच परका नाही. मनुष्याचे मन वळवणे हे पवित्र आत्म्याचे कार्य आहे असे आपण शिकवतो. आपल्याकडे आहे ते सांगणे.

कर्नाटकात 2022 मध्ये धर्मांतरासंबंधी नवा कायदा झाला. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आगाऊ सूचना द्यावी, अशी त्यात तरतूद होती, आणि सक्ती, फसवणूक, आमिष यांना कठोर शिक्षा सांगितल्या होत्या. पुढे जून 2023 मध्ये तेथील नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कायद्याच्या आधीच, ऑक्टोबर 2021 मधील एका रविवारी, हुबळीतील भैरिदेवरकोप्प येथील प्रार्थनास्थळात निदर्शक शिरले आणि तेथे बसून त्यांनी भजने म्हटली. अशा वातावरणात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात किंवा धारवाडच्या एखाद्या कचेरीत काम करणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने मधल्या सुट्टीत आपल्या विश्वासाविषयी बोलावे म्हणणे सोपे नाही. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात, आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावयास सिद्ध असावे परंतु ते सौम्यतेने द्यावे, असे लिहिले, तेव्हा त्याच्या वाचकांचेही दिवस सोपे नव्हते. या वचनातील एक शब्द आपल्या उपदेशांत सहसा निसटतो. पेत्र विचारणाऱ्याला उत्तर देण्याविषयी बोलत आहे. कोणी विचारावे असे आपले जगणे असेल, आणि विचारता येईल इतके आपण जवळ असू, हे त्याने गृहीत धरले आहे.

पुन्हा हुबळी-धारवाडकडे वळू. 1914 मध्ये महायुद्ध पेटले, आणि बासेल मिशनचे जर्मन नागरिक असलेले कार्यकर्ते इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रू ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथील छावणीत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. दक्षिण मराठा देशाचे मिशनरी अखेर मराठी मुलखात आले ते असे, कैदी म्हणून! मागे राहिलेल्या मंडळ्यांचा भार बराचसा देशी पाळकांवर पडला.

त्या पिढीतील एक नाव रेव्ह. चन्नप्पा उत्तंगी यांचे. त्यांचा जन्म 1881 मध्ये धारवाडला झाला. घराणे मूळचे लिंगायत. मंगळूरच्या बासेल मिशन ईश्वरविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि 1908 पासून त्यांनी मंडळीची सेवा केली. हुबळीतही त्यांचे वास्तव्य होते. सर्वज्ञ या लोककवीची त्रिपदी वचने उत्तर कर्नाटकात शेतकऱ्याच्या तोंडी असतात, जशी आपल्याकडे तुकोबांची. जातिभेदावर व ढोंगावर त्यांत सणसणीत फटके आहेत. परंतु ती विखुरलेली होती. काही पोथ्यांत, काही केवळ लोकांच्या ओठांवर. उत्तंगी यांनी वर्षानुवर्षे खपून ती जमवली, पाठभेद ताडले, आणि 1924 मध्ये सर्वज्ञाच्या वचनांचा संग्रह सिद्ध केला. पुढे त्यांनी वीरशैव शरणांच्या वाङ्मयावर व अनुभवमंटपावरही संशोधन केले. कन्नड साहित्यिकांत त्यांचे स्थान इतके उंचावले की 1949 मध्ये कलबुर्गी येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. 1962 मध्ये त्यांचे निधन झाले.

मंडळीचा पाळक लिंगायत शरणांची वचने शोधत फिरतो, हे प्रामाणिक ख्रिस्ती सेवेत बसते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो अयोग्य नाही. उत्तंगी यांनी ख्रिस्ताविषयी मौन पाळले असते तर त्याचे उत्तर कठीण झाले असते. पण त्यांनी मौन पाळले नाही. बेथलेहेमने बनारसला केलेली विनंती अशा नावाचे पुस्तक त्यांनी लिहिले. नावातच सर्व भूमिका आहे. बेथलेहेम बनारसला आज्ञा करीत नाही की धिक्कारतही नाही; विनंती करते. आणि विनंती करण्याआधी बनारसला काय म्हणावयाचे आहे ते या मनुष्याने खेड्याखेड्यांत बसून ऐकले होते.

डोळ्यांपुढे असे चित्र येते. संध्याकाळची वेळ आहे. बैल गोठ्यात बांधून शेतकरी ओसरीवर टेकला आहे. पागोटे बांधलेला ख्रिस्ती पाळक वही काढून म्हणतो, ‘अण्णा, तुमच्या आजोबांना सर्वज्ञाची पुष्कळ वचने येत असत म्हणे.’ शेतकरी एक म्हणतो, दुसरे आठवतो, आतून म्हातारी तिसरे सांगते आणि चुकलेला शब्द दुरुस्त करते. वहीचे पान भरते. मग केव्हातरी तो शेतकरीच विचारतो, ‘हे सर्व आमचे तुम्ही लिहून घेतले, आता तुमच्या येशूने काय सांगितले ते सांगा पाहू.’ अशी किती संभाषणे झाली आणि त्यांत उत्तंगी काय बोलले हे कोणत्याही अहवालात उतरलेले नाही. मिशनच्या तक्त्यांत त्यासाठी रकाना नव्हता. राहिली ती सर्वज्ञाची वचने. धारवाडच्या बाजारात तो संग्रह घेणाऱ्या कन्नड वाचकाला मुखपृष्ठावर संपादक म्हणून एका ख्रिस्ती पाळकाचे नाव दिसे.